कात्रणावरची तारीख

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी वडिलांची एक पत्र्याची पेटी आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. त्या दिवसांतली वृत्तपत्रांची कात्रणे वडिलांनी त्या पेटीत जपली. परवा माझी एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी ती पाहायला आली. ऊसतोड कामगाराची मुलगी. एकेक कात्रण वाचून झाल्यावर म्हणाली, "सर, हे सगळं खरंय, पण प्रबंधात लिहू कसं? पेपरचं नाव नाही, तारीख नाही."

वडिलांनी बातमी कापली. तिचा पत्ता मात्र कडेच्या कागदाबरोबर गेला.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपला विचार ग्रंथांत येण्याआधी नियतकालिकांत आला. 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा, 'जनता' १९३० चे, 'प्रबुद्ध भारत' १९५६ चे. अशा लेखनाचा संदर्भ देताना "बाबासाहेब एके ठिकाणी म्हणतात" एवढ्याने भागत नाही. ते ठिकाण कोणते, हे विरोधक विचारणारच. आपल्यापाशी उत्तर नसेल तर खरी गोष्टही ऐकीव ठरते.

संदर्भसूचीतली नोंद अवघड नाही. लेखकाचे आडनाव व नाव, लेखाचे शीर्षक अवतरणचिन्हांत, नियतकालिकाचे नाव अधोरेखित, मग वर्ष, अंक, महिना व साल, शेवटी लेखाची पहिली व अखेरची पृष्ठे. त्रैमासिकाचा अंक क्रमांक गाळू नये. पुष्कळदा प्रत्येक अंकाची पाने पुन्हा एकपासून सुरू होतात. साप्ताहिकाची पूर्ण तारीख द्यावी. उदाहरणार्थ: ढाले, राजा, 'काळा स्वातंत्र्यदिन', साधना, १५ ऑगस्ट १९७२, पुढे पृष्ठे. दैनिकाच्या बाबतीत तारीख व पान यांबरोबर आवृत्तीही नोंदवावी. जिल्ह्याच्या आवृत्तीत आलेली वस्तीवरची बातमी मुंबईच्या आवृत्तीत सापडेलच असे नाही.

लेखाखाली नाव नसेल तर नोंद शीर्षकापासून सुरू करावी. अंदाजाने नाव घालू नये. 'मूकनायक'चे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, लेखणी मात्र बाबासाहेबांची चालत होती. अशा वेळी अंकावर छापले आहे ते आधी लिहावे आणि लेखक अभ्यासाने ठरला असेल तर त्याचे नाव चौकटी कंसात द्यावे. तसेच, जे हाती घेऊन वाचले तेच सांगावे. महाराष्ट्र शासनाने 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' यांचे अंक १९९० मध्ये पुन्हा छापले. ती प्रत वाचली असेल तर मूळ अंकाच्या तारखेबरोबर पुनर्मुद्रणाचे साल व पृष्ठही द्यावे. यात कमीपणा नाही, प्रामाणिकपणा आहे.

त्या मुलीने मग एक कात्रण उलटे केले. मागे बाजारभाव होते आणि त्यांवर तारीख होती! आता ती ग्रंथालयात त्या तारखेच्या आसपासच्या दैनिकांच्या फायली चाळते आहे. एका कात्रणाचा तरी पत्ता लागेल.

मित्रांनो, जळलेल्या घरांचे पंचनामे पुष्कळदा दुसऱ्यांनी लिहिले. आपली साक्ष आपण लिहितो आहोत. तेव्हा कात्री हाती घेण्याआधी पेन घ्या आणि समासात पेपरचे नाव, तारीख, पान लिहा.