चारा संपला तर सरकार किती देतं? डेअरी टाकण्याआधी हे गणित करा



मागच्या आठवड्यात बदनापूर तालुक्यातला एक तरुण प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन माझ्या पशुखाद्याच्या दुकानात आला. पाच म्हशी, शेड, बँकेचं कर्ज, सगळं नीट मांडलेलं. एका ओळीवर मात्र नजर अडकली: दुष्काळात शासनाचं चारा अनुदान, महिना 12,000 रुपये. मी म्हटलं, "दादा, हे पैसे तुझ्या खात्यावर येणारच नाहीत."

केंद्राच्या 2022 ते 2026 च्या आपत्ती निकषांत मोठ्या जनावराला दिवसाला 80 रुपये आणि लहानाला 45 रुपये आहेत. पाच म्हशी, तीस दिवस, म्हणजे 12,000. हिशोब बरोबर आहे, पण हा दर चारा छावणीचा आहे. पैसे छावणी चालवणाऱ्याला मिळतात. तुम्हाला मिळतो तो चारा-पाणी, तोही जनावरं तिथे नेऊन बांधली तर आणि ठराविक दिवसांपुरताच.

त्यात वेळेचा प्रश्न आहेच. 2023 मध्ये ऑगस्ट कोरडा गेला. राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो 31 ऑक्टोबरला. त्यात आपले जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा हे तालुके होते. मधले दोन महिने म्हशीने काय खायचं? त्या काळात माझ्या उधारीच्या वहीची पानं भरली आणि काही गिऱ्हाइकांनी दावणीची जनावरं पडत्या भावात विकली.

अमेरिकेत दुष्काळाने कुरण वाळलं, की दुष्काळाच्या नकाशावरून ठरवून थेट पशुपालकाला पैसे देणारी योजना आहे. 2014 च्या कृषी कायद्याने ती कायम झाली. पण तिथेही खाद्याच्या खर्चाचा काही भागच मिळतो.

मग आपल्याकडे थेट खात्यावर काय येतं?

1. पूर, वीज अशा आपत्तीत जनावर दगावलं तर: दुभती गाय-म्हैस 37,500, बैल 32,000, शेळी-मेंढी 4,000 रुपये.

2. शेतातल्या पिकाचं 33 टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर: हेक्टरी कोरडवाहू 8,500, बागायत 17,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी यात भर घालतं, पण ती भर गृहीत धरू नका.

चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या आसपास जाते. म्हणजे भरपाईतून दुसरी म्हैस येत नाही.

आता कामाचं बोलू. हे चार उद्योग आजच करा.

कानातला 12 अंकी टॅग: 1 जून 2024 पासून राज्यात टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही आणि नैसर्गिक आपत्तीची भरपाईही नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तो मारून घ्या. म्हैस विकत घेतली असेल तर नोंद स्वतःच्या नावावर करून घ्या.

ई-पीक पाहणी: मका, ज्वारी, नेपियर, जे लावलं असेल त्याची नोंद करा. नोंदच नसेल तर पंचनाम्याच्या वेळी अडचण येते.

विमा: राष्ट्रीय पशुधन अभियानात पशुपालकाचा हप्त्यातला वाटा 15 टक्के आहे. पण विमा जनावराचा असतो, चाऱ्याचा नाही.

चाऱ्याचा साठा: एका म्हशीला रोज सहा किलो कडबा धरा. पाच म्हशी, 120 दिवस, म्हणजे 36 क्विंटल. सुगीत कडबा स्वस्त असतो तेव्हाच घ्या, जोडीला मुरघास करा. हा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये खेळत्या भांडवलात दाखवा.

त्या तरुणाने तिथेच बसून 12,000 ची ओळ खोडली आणि पाचाऐवजी तीन म्हशींपासून सुरुवात करायचं ठरवलं. हप्ता कमी, चारा घरचा.

मदत मिळाली तर ती बोनस समजा. धंदा मात्र ती मिळणार नाही असं धरूनच उभा करा. तुमच्या रिपोर्टमध्ये अशी ओळ आहे का? एकदा उघडून बघाच.