निवृत्त पोलिसांची कोजागरी

कायद्यांतील एक कलम आम्हांस नेहमीं विचारांत पाडतें. १९५१ सालच्या मुंबई पोलीस अधिनियमानें (आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नांवानें ओळखला जातो) पोलिसास 'सदैव कामावर' मानिलें आहे. १८६१ च्या कायद्यांतही हेंच तत्त्व होतें. शिक्षकाची शाळा सुटते, कारकुनाची कचेरी बंद होते. पोलीस मात्र घरीं निजलेला असला तरी कायद्याच्या दृष्टीनें कामावरच असतो. अशा माणसास वयाच्या ५८ व्या वर्षीं एके दिवशीं कळतें कीं, उद्यांपासून आपण कामावर नाहीं. त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न त्याच्या घरच्या मंडळींनीं तरी विचारण्याजोगा आहे.

आमच्या गांवचे निवृत्त पोलीस दर कोजागरीस एकत्र जमतात. त्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें आमच्या हाताखालीं शिकलीं, म्हणून आम्हांसही आग्रहाचें बोलावणें असतें. 'को जागर्ति', म्हणजे 'कोण जागा आहे', या प्रश्नावरून या रात्रीस कोजागरी म्हणतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. ज्यांनीं तीस-पस्तीस वर्षें गस्त घालून गांवाची झोंप राखिली, त्यांनीं भेटीसाठीं हीच रात्र निवडावी, हें उचितच म्हटलें पाहिजे.

येथें शिपाई, हवालदार, फौजदार आणि अधीक्षक एकाच सतरंजीवर बसतात. एका वृद्ध शिपायास निवृत्त अधीक्षकांनीं स्वतः दुधाचा पेला दिला, तेव्हां तो शिपाई सरळ उठून उभाच राहिला. "साहेब, आपण कशाला? आम्ही आहोंत ना!" तो म्हणाला. अधीक्षक हंसून म्हणाले, "बसा हो हवालदार, आज बंदोबस्त नाहीं." सेवेंत असतां शिपायास हवालदार म्हणवून घेण्याचा योग आला नव्हता, तो त्या रात्रीं असा आला.

दूध होण्यापूर्वीं एके काळचे हजेरी मेजर वही उघडून नांवें वाचतात. २१ ऑक्टोबर १९५९ रोजीं लडाखांतील हॉट स्प्रिंग्ज येथें चिनी सैन्याशीं झालेल्या चकमकींत १० पोलीस धारातीर्थीं पडले. तो दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात आणि कर्तव्य बजावतांना वर्षभरांत कामीं आलेल्यांचें स्मरण करितात. तें योग्यच आहे. परंतु जे निवृत्तीनंतर घरीं अंथरुणावर निवर्तले, त्यांचीं नांवें कोण वाचणार? तीं या वहींत वाचलीं जातात. ज्या नांवास उत्तर येत नाहीं, तेथें सर्वजण क्षणभर स्तब्ध राहतात आणि मग पुढचें नांव येतें.

दोन वर्षांपूर्वीं एका नांवास असेंच उत्तर आलें नाहीं. पण तो गृहस्थ वारल्याचेंही कोणास ठाऊक नव्हतें. पुढच्या रविवारीं दोघे त्याचा पत्ता काढून मुलाच्या घरीं गेले. निवृत्तीबरोबर सरकारी वसाहतींतील खोली सोडावी लागली, तेव्हांपासून ते तेथें चौथ्या मजल्यावर राहत होते. घरचीं माणसें वाईट नव्हतीं. वेळेवर जेवण होतें, औषध होतें. परंतु त्या घरांत त्यांच्याशीं बोलावें काय, हें कोणास सुचत नव्हतें, आणि त्यांसही सुचत नव्हतें. गेल्या कोजागरीस त्यांनीं आपल्या नांवापुढें 'हजर' म्हटलें, तेव्हां हजेरी मेजरांस वही मिटून चष्मा पुसावा लागला.

हें मौन कोठून येतें, तें एका हवालदाराच्या पत्नीनें आम्हांस सांगितलें. "दिवाळीच्या पहांटे मीं अभ्यंगाचें तेल तापवून ठेवावें, आणि तें निवून जावें. अनंत चतुर्दशीस साऱ्या गांवाचे गणपति यांच्या देखरेखीखालीं बोळविले जात. घरचा मात्र दरवर्षीं भावोजींनीं पोंचविला." बाप बाहेर असतां घर थांबत नाहीं, तें त्याच्यावांचून चालावयास शिकतें. मग निवृत्त होऊन तो परत येतो, तेव्हां सर्व कामें वांटलेलीं असतात आणि त्याच्या वांट्यास केवळ खुर्ची उरते. यांत दोष कोणाचाच नाहीं. म्हणूनच तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

आमचे पुष्कळसे वाचक एकत्र कुटुंबांत राहतात, म्हणून त्यांस विनंती कीं, घरांत असा कोणी काका, मामा वा आजोबा असेल, तर त्यांच्या मेळाव्यास 'म्हाताऱ्यांच्या गप्पा' म्हणून हंसूं नये. त्यांस वेळेवर पोंचवावें, आणि परतल्यावर कोण कोण हजर होतें, हें आवर्जून विचारावें. एवढ्यानें मात्र भागावयाचें नाहीं. मित्रांनीं वर्षांतून एक रात्र दिली. उरलेले दिवस घरानेंच द्यावयाचे आहेत. येत्या अनंत चतुर्दशीस मूर्ति उचलण्याची वेळ आली म्हणजे तरुणांनीं क्षणभर मागें सरावें, आणि पाट त्यांच्या हातीं द्यावा.