हिमशिखरांची गाडी : जावे की न जावे?

गेल्या वर्षी एका संध्याकाळी एक परिचित दांपत्य दवाखान्यात आले. गृहस्थ ७४ वर्षांचे. जुना मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, शिवाय प्रोस्टेटचा त्रास. पत्नी ७१ वर्षांच्या. गुडघे दुखरे आणि वर्षभरापासून स्मृतिभ्रंशाची सुरुवात. सोबत मुलगा होता. गृहस्थांनी टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक ठेवले. ते होते स्वित्झर्लंडच्या ‘ग्लेशियर एक्स्प्रेस’चे. “डॉक्टर, निवृत्तीनंतर हिला या गाडीत बसवायचे, असे फार पूर्वी ठरवले होते. राहून गेले. आता जमेल का, ते सांगा.” मुलगा हळू आवाजात म्हणाला, “आईच्या लक्षातच राहणार नसेल, तर एवढा खर्च आणि एवढी दगदग कशासाठी?”

माझ्या मनात आलेले पहिले उत्तर ‘नको’ हेच होते. डॉक्टरला ‘नको’ म्हणणे सोपे असते, कारण न गेल्याने झालेले नुकसान कोणत्याही अहवालात उमटत नाही. परंतु मी त्यांना दोन दिवसांनी पुन्हा बोलावले आणि या प्रवासाचा शांतपणे विचार केला. आपल्यापैकी अनेक घरांत आज असाच प्रश्न उभा असेल, म्हणून तो विचार आपणापुढे मांडतो.

गाडी नेमकी कशी आहे?

झरमॅट आणि सेंट मॉरिट्झ या दोन पर्वतीय गावांदरम्यान ही गाडी १९३० पासून धावते. अंतर २९१ किलोमीटर आणि वेळ सुमारे आठ तास. वाटेत ९१ बोगदे व २९१ पूल लागतात. नावात ‘एक्स्प्रेस’ असली, तरी हिचा सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटरही नाही. तीव्र चढावर रुळांमधील दातेरी पट्टीच्या आधाराने ती वर चढते; आपल्या निलगिरीच्या गाडीतही अशीच योजना आहे. खिडक्या छताकडे वळलेल्या असून त्या उघडत नाहीत. जेवण जागेवरच मिळते. आसनाचे आरक्षण सक्तीचे असून त्याचे शुल्क तिकिटाखेरीज वेगळे द्यावे लागते.

उंचीची भीती कितपत खरी?

“एवढ्या उंचावर श्वास लागेल का?” हा पहिला प्रश्न असतो. या मार्गावरील सर्वांत उंच ठिकाण म्हणजे ओबेराल्प खिंड, २,०३३ मीटर. विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब साधारणपणे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका ठेवलेला असतो. म्हणजे ज्यांना विमानप्रवास सोसतो, त्यांना या गाडीतील उंचीचा सहसा त्रास होऊ नये.

खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी घ्यावी लागते. स्वित्झर्लंडच्या बहुतेक सहलींत युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानक असते. तेथे प्राणवायूची उपलब्धता समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असते आणि आपण काही तासांतच तेथे पोहोचतो. हृदय किंवा फुफ्फुसांचा विकार असलेल्यांनी गाडीबद्दल विचारण्याआधी या ठिकाणाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. तेथे न जाता खालच्या गावात कॉफी घेत बसणे यात काहीही उणेपणा नाही.

आठ तास बसण्याची किंमत

सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आधीच्या दिवसांतील विमानप्रवास त्यात भर घालतो. म्हणून दर तासाला उठून डब्यात चार पावले चालावे आणि बसल्या जागी पावले वर-खाली हलवीत राहावे. दाबमोजे सर्वांना चालत नाहीत. पायांचा रक्तपुरवठा कमी असल्यास ते अपायकारक ठरतात. म्हणून ते विचारल्याशिवाय वापरू नयेत.

लघवीला वारंवार जावे लागेल या संकोचाने अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणीच पीत नाहीत. ही चूक करू नये. गाडीत स्वच्छतागृह आहे. त्याच्या जवळचे आसन मागावे. लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध चालू असल्यास त्या दिवशी ते केव्हा घ्यावे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

गाडी लागू नये म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्येष्ठांना यातील अनेक गोळ्यांनी गुंगी येते, मन गोंधळते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबू शकते. आमच्या या दांपत्यापैकी दोघांनाही ती गोळी वर्ज्यच होती. त्यापेक्षा गाडीच्या दिशेने तोंड असलेले आसन, हलका आहार आणि दूरवर ठेवलेली नजर हे उपाय बरे.

मधुमेहींनी इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यानुसार मात्रांच्या वेळा आधीच ठरवाव्यात. जेवण थोडे लांबले तरी साखर उतरू नये यासाठी बिस्किटे व साखर जवळ ठेवावी.

सोबत्याचा प्रश्न

एवढे सांगून झाल्यावर मी त्या गृहस्थांना एकच प्रश्न विचारला. “काका, तुम्हाला दर दीड तासाने उठावे लागते. तुम्ही उठलात की ती पाच मिनिटे काकूंजवळ कोण बसणार?” ते गप्प झाले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अनोळखी ठिकाणी, अनोळखी भाषेत, एकटे वाटायला पाच मिनिटे पुरेशी असतात. प्रवासाचा निर्णय रुग्णाच्या प्रकृतीइतकाच सांभाळणाऱ्याच्या प्रकृतीवर अवलंबून असतो, हे आपण विसरतो.

मग मी त्यांना एक रंगीत तालीम सुचवली. मुंबई–मडगाव जनशताब्दीला मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा असतो आणि प्रवास आठ-नऊ तासांचाच आहे. दोघांनी तो केला. पहिले तीन तास काकू खिडकीबाहेर पाहत आनंदात होत्या. चौथ्या तासापासून त्या अस्वस्थ झाल्या आणि ‘घरी कधी जायचे?’ असे पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. आपल्या घरातील ज्येष्ठांचीही अशी तालीम अवश्य घ्या. तिकिटाच्या थोड्याशा पैशांत ती पुष्कळ काही सांगून जाते.

मधला मार्ग

ज्या रुळांवरून ग्लेशियर एक्स्प्रेस धावते, त्याच रुळांवरून तेथील साध्या गाड्याही धावतात. त्यांना आसनाचे आरक्षण सक्तीचे नाही. थकवा आला तर मधल्या स्थानकावर उतरून पुढच्या गाडीने जाता येते. कूर ते सेंट मॉरिट्झ हा टप्पा सुमारे दोन तासांचा. सुमारे ६५ मीटर उंचीचा, वळण घेत थेट डोंगराच्या पोटात शिरणारा लांडवासर पूल याच टप्प्यात आहे. या टप्प्याच्या मोठ्या भागाचा समावेश असलेला अल्बुला–बर्निना रेल्वेमार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ज्यांना आठ तास झेपतात, ज्यांना जागेवरचे जेवण आणि निवांतपणा हवा आहे, त्यांच्यासाठी पूर्ण प्रवासाचा खर्च सार्थ आहे. इतरांनी दोन तासांत समाधान मानले, तर काही गमावले असे समजू नये.

निर्णयापूर्वी पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात :

• गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असल्यास सहल पुढे ढकलावी.
• तेथे हमाल सहसा मिळत नाहीत. स्वतःची बॅग स्वतः चढवता येईल का, किंवा कोण चढवील?
• शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात जुने आजार न लपवता नोंदवावेत.
• औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह जवळ असावी.
• रोज नवे हॉटेल नसावे. एकाच ठिकाणी तीन-चार रात्री मुक्काम असावा.
• आणि मुख्य म्हणजे, ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांना स्वतःला जायचे आहे का, हे त्यांनाच विचारले आहे ना?

‘लक्षात राहणार नसेल तर?’

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर उरले होते. स्मृतिभ्रंशात प्रसंग विसरला जातो, पण त्या प्रसंगाने दिलेला आनंद किंवा दुःख मनात काही काळ रेंगाळते, असे आम्हा डॉक्टरांना वारंवार दिसते. त्या क्षणी झालेला आनंद पुढे आठवला नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. आपण नातवाला बागेत नेतो, ते त्याला मोठेपणी आठवावे म्हणून नव्हे.

ते जूनमध्ये गेले. भाची सोबत होती. कूरहून साध्या गाडीने दोन तासांचा प्रवास केला आणि एकाच गावात चार रात्री राहिले. सगळे सुरळीत झाले असे नाही. एका रात्री काकू उठून स्वयंपाकघर शोधत राहिल्या आणि दोघांनाही पहाटेपर्यंत झोप लागली नाही. पुलावर मात्र त्यांनी काकांचा हात घट्ट धरला होता.

परवा तपासणीला आल्या तेव्हा मी सहलीविषयी विचारले. त्यांना काहीच आठवले नाही. काका म्हणाले, “मला आठवते ना, डॉक्टर.” मुलगा या वेळी काही बोलला नाही. मी रक्तदाब मोजला आणि पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.