म्हशीचं दूध देऊन बघा? थांबा!

'गाईचं दूध सोसत नाही? मग म्हशीचं द्या की!' गंगावेशेत धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या कोल्हापुरात हा सल्ला हमखास मिळतो. पण गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात, की एकाची ॲलर्जी असलेल्या बाळाला बहुधा दुसरंही बाधतं.

खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर ॲलर्जीची शंका घ्या. काय, किती, कधी खाल्लं ते लिहा, पुरळाचा फोटो काढा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पांढऱ्या रश्शातले काजू-तीळ, भाजीतलं दाण्याचं कूट सहज नजरेआड होतं.

भीतीपोटी सगळंच बंद करू नका मात्र. लंडनच्या 'लीप' अभ्यासात (२०१५) जास्त धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, तर त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटली. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा नकोच, घशात अडकतो.

श्वास घरघरला, बाळ मलूल पडलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तातडीनं लागतं. लगेच १०८ ला फोन करा.