पोलो जीटी तर गेली, मग १० लाखांत रोज चालवायला 'पळणारी' हॅचबॅक कोणती घ्यायची?

एप्रिल २०२२ मध्ये फोक्सवॅगनने पोलोची 'लेजंड एडिशन' आणली आणि गाडीला निरोप दिला. आपल्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये १२ वर्षं ही गाडी बनत होती. गाडी बंद झाली, पण तिचा नाद काही सुटला नाही. आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात एखादी लाल पोलो जीटी टीएसआय उभी दिसली की पोरं थांबतात, काचेतून आत डोकावतात आणि किंमत विचारून बघतात.

यामागचं दुखणं साधं आहे. बजेट १० ते १२ लाख. घरात गाडी एकच असणार. सोमवार ते शुक्रवार ती हिंजवडीच्या नाहीतर ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये रांगणार, शनिवारी आईवडिलांना घेऊन गावी जाणार आणि वाटेत घाट लागला की चालवणाऱ्याला जरा मजाही आली पाहिजे. पुढची पाच ते सात वर्षं हप्ता भरायचा म्हटल्यावर निवड चुकली तर ती रोज आठवण करून देते.

मग अशी गाडी मिळते का? मिळते. पण ब्रोशरवरचा हॉर्सपॉवरचा आकडा बघून निवडायला गेलात, तर फसायची शक्यता जास्त.

भारतात खऱ्या 'हॉट हॅच' का नाहीत?

जगात या प्रकाराला नाव मिळवून दिलं ते गोल्फ जीटीआयने. साल १९७६. तिची ताकद होती ११० पीएस. पीएस म्हणजे आपली हॉर्सपॉवरच, फक्त मोजायची युरोपातली पद्धत. आज आपल्याकडे दहा लाखांच्या आतबाहेर मिळणारी आय२० एन लाइन १२० पीएसची आहे. अर्थात जुनी गोल्फ वजनाला कितीतरी हलकी होती, त्यामुळे थेट तुलना नको. पण आपल्याला मिळतं ते अगदीच फुसकं नाही, एवढं यातून कळतं.

त्याच गोल्फ जीटीआयची आजची पिढी २०२५ मध्ये भारतात आली. २६५ पीएस, पूर्ण आयात आणि एक्स-शोरूम किंमत ५३ लाख. त्याआधी २०१६ मध्ये पोलो जीटीआय आली होती, १.८ लिटर इंजिन, १९२ पीएस, किंमत जवळपास २६ लाख आणि दरवाजे तीन. दोन्ही गाड्या सामान्य माणसाने रील्समध्येच बघायच्या.

खरं कारण करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात 'लहान गाडी'ची व्याख्या ठरली आणि तिच्यावरचा कर कमी झाला. लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून कंपन्या या चौकटीतच गाड्या बसवतात. जीएसटी आला तरी चौकट तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर फरक आणखी वाढला. चौकटीतल्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता, तो थेट १८ टक्क्यांवर आला. चौकटीबाहेरच्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे कुणी १.४ किंवा १.६ लिटरचं दणदणीत पेट्रोल इंजिन हॅचबॅकमध्ये घातलं, तर किंमत तिथेच हाताबाहेर जाते.

म्हणून आपल्याकडच्या वेगवान हॅचबॅक म्हणजे एक ते १.२ लिटरचं छोटं इंजिन, त्यात तीन सिलिंडर आणि वर टर्बो. दुसरा मार्ग नाही.

पूर्वी कुणी प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. फियाटने २००१ मध्ये पालिओ आणली, तिचं १.६ लिटरचं मॉडेल आजही जुने शौकीन डोळे मिटून आठवतात. त्याच कंपनीने २०१५ मध्ये रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो १४५ हॉर्सपॉवरसह दहा लाखांच्या आत एक्स-शोरूम विकायला काढली. मारुतीने २०१७ मध्ये बलेनो आरएस, टाटांनी २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली. सगळ्या बंद पडल्या. गाड्या वाईट नव्हत्या, पण बहुतेक गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हाच होता आणि आहे. कमी विकली जाणारी गाडी बंद झाली की तिचे खास सुटे भाग शोधत फिरावं लागतं, हा धडा अबार्थवाल्यांना विचारा.

पिकअप म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला पिकअप म्हणतो, तो हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्कमध्ये जास्त असतो. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर. तो किती आहे, यापेक्षा इंजिन किती फिरल्यावर मिळतो, हे रोजच्या वापरात महत्त्वाचं.

उदाहरण घेऊ. नव्या स्विफ्टचं १.२ लिटर साधं इंजिन साधारण ११२ न्यूटन मीटर टॉर्क देतं, तोही ४३०० आरपीएमला. आय२० एन लाइनचं एक लिटरचं टर्बो इंजिन १७२ न्यूटन मीटर देतं आणि ते १५०० आरपीएमपासून ४००० पर्यंत. आता ताम्हिणी घाटात पुढे ट्रक आहे, गाडीत चार माणसं आहेत, एसी चालू आहे. स्विफ्टमध्ये खालचा गिअर टाकून इंजिन ओरडवावं लागतं. टर्बो गाडीत तिसऱ्या गिअरवर पाय दाबला की काम होतं. ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये जितके कमी सेकंद, तितकं बरं. टर्बोचा खरा उपयोग इथे आहे. शंभरच्या वर पळवायचा विषयच नको, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला मर्यादाच १०० ची आहे आणि समृद्धीवर १२० ची. दोन्हीकडे साधी स्विफ्टसुद्धा तो आकडा आरामात गाठते.

पण टर्बोची एक खोड आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि तो हवा दाबून इंजिनात ढकलतो. इंजिन हळू फिरत असेल तर धूर कमी, पंखा सुस्त आणि गाडी क्षणभर 'मेल्यासारखी' वाटते. स्पीड ब्रेकर दुसऱ्या गिअरवर ओलांडला, आरपीएम बाराशेवर आलं आणि पाय दाबला, तर आधी काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम झेपावते. मोकळ्या रस्त्यावर हीच मजा असते, सिग्नल ते सिग्नल ट्रॅफिकमध्ये वैताग. ज्याचा रोजचा प्रवास फक्त ट्रॅफिकमधला आहे, त्याला हलकी स्विफ्ट जास्त चपळ वाटू शकते. तिचं वजन साधारण ९२० किलो आहे आणि कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा मॅन्युअलसाठी २४.८ आहे. टर्बो गाडीचं अ‍ॅव्हरेज शहरात पाय जड असेल तर पटकन खाली येतं, हे कोणताही मालक सांगेल.

आय२० एन लाइन

सध्या या वर्गातली सगळ्यात पूर्ण गाडी हीच म्हणावी लागेल. सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक, एक्झॉस्टचा आवाज वेगळा आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. गाडी पळवणं सोपं असतं, ती भरवशाने थांबते की नाही ते आधी बघावं. २०२३ च्या फेसलिफ्टनंतर सहा गिअरचं नेहमीचं मॅन्युअल मिळतं आणि सात गिअरचा डीसीटी ऑटोमॅटिकही.

प्रश्न डीसीटीचाच येतो. यात दोन क्लच असतात आणि गिअर डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतात. पण या छोट्या इंजिनांसोबत येतो तो 'ड्राय' क्लच, म्हणजे तेलात न बुडालेला. तासभर इंच इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये असा क्लच सतत अर्धवट धरला-सोडला जातो आणि तापतो. एक्स्प्रेसवेवर आणि घाटात डीसीटीला तोड नाही. पण रोज दोन तास बंपरला बंपर लावून जाणाऱ्याने विचार करावा. त्याच्यासाठी मारुती फ्रॉन्क्सचं १०० पीएसचं टर्बो सहा गिअरच्या साध्या टॉर्क कन्व्हर्टरसोबत मिळतं. ती दिसायला छोटी एसयूव्ही असली तरी मुळात बलेनोच आहे. थरार कमी, कटकटही कमी.

आणखी एक गोष्ट, टेस्ट ड्राइव्हला मागच्या सीटवर घरातल्या मोठ्यांना बसवा. कडक सस्पेन्शन वळणावर मस्त, खड्ड्यात मात्र कमरेला सांगतं.

अल्ट्रोझ रेसर आणि सी३

टाटांची अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून आली. नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो, १२० पीएस, १७० न्यूटन मीटर. सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत आणि अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळालेले. रस्त्याला धरून चालण्यात ही गाडी कुठेच कमी नाही. ऑटोमॅटिक मात्र नाही आणि मागे ड्रम ब्रेक. मे २०२५ मध्ये अल्ट्रोझचा चेहरा बदलला, त्या नव्या गाडीत टर्बो ठेवलेला नाही. त्यामुळे रेसर मनात असेल तर शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की नवी गाडी बुक होते का फक्त उरलेला स्टॉक आहे.

सिट्रोएन सी३ टर्बोकडे फार लोक बघत नाहीत. ११० पीएस, मॅन्युअलमध्ये १९० न्यूटन मीटर आणि वजन हजार किलोच्या आसपास. कागदावर सगळ्यात हलकीफुलकी आणि जोरदार. शिवाय सस्पेन्शन मऊ, खड्डे गिळून टाकणारं. आतला मालमसाला स्वस्तातला वाटतो आणि सर्व्हिस सेंटर थोडी आहेत. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला ही गाडी परवडेल. तालुक्याच्या गावात असाल तर जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते आधी मोजा.

मग जुनी पोलो घ्यावी का?

मोह होणारच. पण दोन पोलो वेगळ्या आहेत. २०१३ पासूनची १.२ टीएसआय सात गिअरच्या डीएसजीसोबत यायची, तोही ड्राय क्लचवाला. या गिअरबॉक्सचं काम निघालं तर बिल लाखाच्या भाषेत बोलतं. २०२० नंतरची एक लिटर टीएसआय ११० पीएसची, तिच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि मॅन्युअलही मिळतं. रोज वापरायची असेल तर दुसरी बघा, पहिली घ्यायची तर सर्व्हिसचा पूर्ण इतिहास हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज काही टक्के घटतं हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलंय. जुन्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून घेणं आलंच.

खिशाचं गणित

एक्स-शोरूम १० लाखांची गाडी जीएसटी कपातीमुळे साधारण ८५ हजारांनी उतरली. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, त्यापुढे १२. म्हणजे किंमत दहाच्या खाली राहिली तर इथेही एक टक्का वाचतो.

विम्यातली गंमत फार कुणी सांगत नाही. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता हॉर्सपॉवरवर ठरत नाही, सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, त्यावर १५०० सीसीपर्यंत ३,४१६. आय२० एन लाइनचं इंजिन ९९८ सीसी, त्यामुळे ती खालच्या गटात बसते. १२० पीएसची गाडी आणि हप्ता स्वस्तातल्या छोट्या गाडीचा. ११९९ सीसीची रेसर, सी३ आणि हो, ८२ पीएसची स्विफ्टसुद्धा वरच्या गटात.

याउलट खर्च वाढवतात ते टायर आणि ऑइल. टर्बोला कंपनीने सांगितलेलंच ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. घाट जोरात चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट तसंच चालू ठेवलं की टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो.

आणि मित्राच्या ओळखीतला कुणीतरी भेटतोच, जो लॅपटॉप लावून '२० हजारांत ३० हॉर्सपॉवर वाढवून देतो' म्हणतो. त्यात वॉरंटी जाते आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. बाहेरचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला तर पोलीस पावती फाडतात ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलंय.

टेस्ट ड्राइव्ह देताना सेल्समन बहुतेक वेळा मोकळ्या रस्त्यावर नेतो आणि 'दाबा सर' म्हणतो. तिथे कोणतीही टर्बो गाडी आवडते. त्याला सांगून संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ घ्या आणि ऑफिसातून घरी यायचा रोजचा रस्ता निवडा. दुसऱ्या गिअरवर रांगवून बघा, चढावर थांबवून परत काढून बघा, सोसायटीच्या तोंडाशी असलेला तो उंच स्पीड ब्रेकर ओलांडून बघा. मॅन्युअल असेल तर डाव्या पायाला विचारा. मुक्काम पोस्ट ट्रॅफिक असेल, तर शेवटी गाडी त्या पायानेच चालवायची आहे.