प्राग पाहावं पायाखाली

युरोप म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, हनिमून. दोन, रिटायर झालेल्या काका-काकूंची टूर. अकरा दिवस, सात देश, आल्प्सच्या पायथ्याशी गरमागरम वरण-भात आणि बसमध्ये अंताक्षरी! मधल्या वयाच्या, मधल्या पगाराच्या माणसाने काय करायचं हे कुणी सांगत नाही. आणि विद्यार्थ्याने तर विचारूच नये.

२०२४ च्या हिवाळ्यात मी एका सेमिस्टरसाठी जर्मनीत, ड्रेस्डेनला होते. त्यासाठी बाबांनी एक एफडी मोडली होती. तिकडच्या नियमाप्रमाणे ते पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवायचे आणि दर महिन्याला ९९२ युरो हातात घ्यायचे. ऐकायला काय ऐट वाटते! त्यातून खोलीचं भाडं, हेल्थ इन्शुरन्स, किराणा गेला की मग कळतं. पहिला महिनाभर मी दिसेल त्या गोष्टीला नव्वदने गुणत होते. कॉफी तीन युरो म्हणजे दोनशे सत्तर रुपये? राहू दे. मला झोप येत नाहीये.

पण माझी रूममेट नागपूरची. गुणाकार करायचा नाही हा तिचा नियम. "इथं येऊन पण तू खोलीतच बसून राहिली का गं? शंभर युरोत प्राग काऊन नाही होणार? जाऊन तर पाहू!" दोघींचे शंभर-शंभर युरो बाजूला काढले आणि सगळ्यात स्वस्त बसचा वीकएंड शोधला. तो निघाला १६ आणि १७ नोव्हेंबर. या तारखांचं महत्त्व आम्हाला तिथे गेल्यावर कळलं, ते पुढे येईलच.

ड्रेस्डेन ते प्राग म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर. आपलं पुणे-मुंबई! फक्त इथे मध्ये देश बदलतो. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा असला की शेंगेनमध्ये वेगळा व्हिसा लागत नाही. मी घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, कानटोपी घे. बाबा म्हणाले, "प्राग म्हणजे स्कोडावाल्यांचं ना?" आम्ही संभाजीनगरचे. तिथल्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना आहे, त्यामुळे बाबांच्या लेखी चेक रिपब्लिक हा देश नसून कंपनी आहे.

पैशांचं एकदाच सांगून टाकते, कारण प्रागमध्ये पहिली परीक्षा तिथेच होते. चेक लोक युरो नाही, कोरुना वापरतात. तेव्हा एका युरोला पंचवीसच्या आसपास कोरुना मिळत होते, म्हणजे एक कोरुना साडेतीन रुपयांना. जुन्या शहरात पावलोपावली 'नो कमिशन'च्या पाट्या लावलेली दुकानं दिसतात. कमिशन नसतं, पण भावच असा लावलेला असतो की पूछो मत. या प्रकाराला पर्यटक इतके वैतागले होते, की एप्रिल २०१९ पासून कायदाच बदलला. पैसे बदलल्यावर तीन तासांच्या आत तो व्यवहार रद्द करता येतो, एक हजार युरोपर्यंत. म्हणून पावती फेकू नका. एटीएमने 'तुमच्या चलनात रूपांतर करू का?' असं गोड विचारलं तर तितक्याच गोडपणे 'नाही' दाबा. आणि खरं सांगायचं तर रोख फारशी लागतही नाही, ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट मिळतं. आम्ही २४ तासांचा पास काढला, १२० कोरुनांचा. आणि मग जवळजवळ सगळं पायीच पाहिलं!

सुरुवात वेन्सेस्लास स्क्वेअरपासून. नाव स्क्वेअर असलं तरी हा खरं तर चढत जाणारा लांबलचक रुंद रस्ता आहे. खालच्या टोकाजवळ बाटाचं काचेचं भलंमोठं दुकान. आपल्या शाळेच्या बुटांचा बाटा! तोमाश बाट्या हा याच देशातल्या झ्लिन गावचा. ही बिल्डिंग १९२९ ची आहे हे वाचलं तेव्हा रूममेट म्हणाली, "म्हणजे आपल्या बाटाचं माहेर इथं?" आम्ही आत जाऊन पायही गरम करून घेतले. विंडो शॉपिंग फुकट असतं.

वरच्या टोकाला नॅशनल म्युझियम. तिकीट वेगळं, म्हणून आम्ही बाहेरच थांबलो. थांबलो म्हणून खाली पाहिलं. म्युझियमसमोरच्या फरसबंदीत एक ब्राँझचा क्रॉस आहे. उभा नाही, आडवा. जमिनीखालून काहीतरी वर येऊ पाहतंय आणि त्याने फरशी फुगलीय, असा. हे यान पालाखचं स्मारक. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसले आणि हळूहळू लोक गप्प बसायला शिकले. त्या गप्प बसण्याच्या निषेधार्थ १६ जानेवारी १९६९ ला चार्ल्स युनिव्हर्सिटीच्या या विद्यार्थ्याने इथे स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. वय वीस. पुढच्याच महिन्यात यान झायित्स नावाच्या आणखी एका विद्यार्थ्याने तेच केलं. हे स्मारक दोघांचं आहे.

आमच्या शेजारून ट्रॉली बॅगांचा एक घोळका गेला. चाकं क्रॉसच्या अगदी कडेने खडखडत गेली. कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष जायला थांबावं लागतं, आणि तिकीट काढून आत जाणारा माणूस बाहेर थांबत नाही.

तेव्हापासून आमचं ठरलं. बाकीचे वर बघतील, आपण खाली बघायचं.

ओल्ड टाउन स्क्वेअरला हे फारच उपयोगी पडलं. तिथे तासाच्या ठोक्याला शेकडो मोबाइल वर जातात, ते खगोलीय घड्याळासाठी. १४१० चं घड्याळ, अजून चालू! दोन खिडक्या उघडतात, बारा प्रेषित एकामागून एक डोकावतात, एक सांगाडा घंटा वाजवतो, आणि एक मिनिट व्हायच्या आत खेळ खलास. 'एवढंच?' असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. या घड्याळाची एक कथा गाइड हमखास सांगतात. पुन्हा कुठे असं घड्याळ बनू नये म्हणून हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढले म्हणे. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपल्याकडची कथा आठवली ना? दोन्ही सारख्याच खोट्या. घड्याळ मुळात कादान गावच्या मिकुलाशने केलं होतं, हानुशने नाही.

गर्दी घड्याळाकडे तोंड करून असताना टाउन हॉलच्या पायथ्याशी जा आणि फरसबंदी पाहा. काळ्या दगडांत पांढरे क्रॉस बसवलेत. मोजले, सत्तावीस. राजसत्तेविरुद्ध बंड केलेल्या सत्तावीस जणांना २१ जून १६२१ ला याच चौकात मारलं. त्यांच्यावर उभं राहून लोक त्रदेल्निक खात असतात. ही निखाऱ्यावर भाजलेली, साखर लावलेली गोल रोटी 'पारंपरिक प्राग स्पेशल' म्हणून खपवली जाते. तिचं मूळ शोधायला निघालात तर स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावात पोचाल. एक दोघींत खाल्ली. बरी लागते, पण जेवण म्हणून स्माझेनी सीर खा. चीजचा जाडजूड तुकडा ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला, सोबत बटाटे आणि टार्टार सॉस. अंडं चालत असेल तर व्हेजवाल्यांना चेक देशात याच्याइतका भरवशाचा मित्र नाही. चौकातल्या स्टॉलवर मात्र भाव नीट वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा कित्येकदा शंभर ग्रॅमचा असतो आणि ताटात पडतं त्याच्या दुप्पट-तिप्पट.

होस्टेल झिझकोव भागात, आठ जणींची डॉर्म. तिथून टीव्ही टॉवर दिसतो. त्यावर डाविड चेर्नी या शिल्पकाराची अवाढव्य काळी बाळं रांगत असतात. त्यांच्या साक्षीने आमचं भांडण झालं! बजेटमध्ये एकच मोठं तिकीट बसत होतं. किल्ला की ज्यू म्युझियम?

रूममेटला किल्ला हवा होता. "प्रागला जाऊन कॅसल नाही पाहिला, हे घरी कसं सांगू मी?" मुद्दा चूक नव्हता. माझं म्हणणं होतं, की किल्ल्याचं आवार पाहायला पैसेच पडत नाहीत. रात्री दहापर्यंत चौकांमधून फिरता येतं. शेवटी त्याच संध्याकाळी आम्ही वर गेलो. नोव्हेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे सहा वाजता मध्यरात्र वाटते. सेंट व्हायटस कॅथीड्रलसमोर मोजून दहा माणसं. १३४४ ला बांधकाम सुरू, १९२९ ला पूर्ण! आपल्याकडे मेट्रोचं काम लांबलं तर उगाच ओरडतो आपण. अंधारात ते एवढं काळं, एवढं उंच दिसत होतं की ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ठीक आहे. उद्या तुझं म्युझियम."

ज्यू म्युझियम शनिवारी बंद असतं. त्यामुळे रविवारच बरोबर होता.

रविवारी सातला चार्ल्स ब्रिजवर पोचलो. दिवसा इथे दादर स्टेशन होतं. सकाळी धुकं, तीस पुतळे आणि आम्ही. राजा चौथ्या चार्ल्सच्या ज्योतिषांनी पायाभरणीला १३५७ सालच्या ९ व्या दिवशी, ७ व्या महिन्यात, ५ वाजून ३१ मिनिटांचा मुहूर्त काढला असं म्हणतात. आकडे ओळीने लिहून बघा, १-३-५-७-९-७-५-३-१. साल खरं आहे, मिनिटांची जबाबदारी दंतकथेची. पण मुहूर्त काढण्यात आपली मक्तेदारी नाही हे पाहून बरं वाटलं.

आणि मग पिंकास सिनेगॉग. विद्यार्थी सवलत (सव्वीस वर्षांखालच्यांना, कार्ड दाखवून) मिळूनही तिकीट एका दिवसाच्या खाण्याइतकं पडलं. आत खुर्च्या नाहीत, वस्तू नाहीत. भिंती आहेत आणि भिंतींवर नावं. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या ज्यूंची, जवळजवळ ७८ हजार नावं, हाताने लिहिलेली. लांबून वॉलपेपरची नक्षी वाटते. जवळ गेलं की आडनाव, नाव, जन्मतारीख. १९५० च्या दशकात ती पहिल्यांदा लिहिली. १९६८ मध्ये जमिनीतली ओल चढल्यामुळे इमारत बंद केली, आणि कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, १९९० च्या दशकात, ती सगळी पुन्हा लिहावी लागली. पुन्हा. ७८ हजार.

वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार त्या मुलांना तिथे चोरून शिकवायची. १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेलं, त्याआधी तिने साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून लपवून ठेवली होती. घर, झाड, फुलपाखरू. रूममेटचा धाकटा भाऊ सहावीत होता. ती एका घराच्या चित्रापाशी उभी राहिली ती हललीच नाही. किल्ल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाहेर जुनी दफनभूमी. जागा वाढवायची परवानगी नव्हती, म्हणून माती टाकून थरावर थर पुरत गेले, काही ठिकाणी बारा थर. वर सुमारे बारा हजार दगड एकमेकांवर रेललेले. बाहेरच्या गल्ल्यांत फुटपाथवर हाताच्या पंजाएवढे पितळी दगड चमकतात, इथून नेलेल्या माणसांची नावं कोरलेले. पुन्हा पायाखालीच.

आता त्या तारखेचं. २८ ऑक्टोबर १९३९ ला नाझींविरुद्धच्या निदर्शनात यान ओप्लेताल या मेडिकलच्या विद्यार्थ्याला गोळी लागली, दोन आठवड्यांनी तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेचा मोर्चा झाला. १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ जणांना ठार केलं, बाराशेहून जास्त विद्यार्थी छावणीत पाठवले, कॉलेजं बंद केली. जगभरचा विद्यार्थी दिन १७ नोव्हेंबरला असतो तो यासाठी. बरोबर पन्नास वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९८९ ला, त्याच्या स्मरणार्थ निघालेला विद्यार्थ्यांचा मोर्चा नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी अडवला. मुलांनी पोलिसांना फुलं दिली, रस्त्यावर मेणबत्त्या लावल्या, रिकामे हात दाखवले. पोलिसांनी एक अरुंद वाट ठेवली आणि तिथून निघणाऱ्याला काठ्यांनी झोडपलं. शेकडो जखमी झाले. त्यानंतर सहा आठवड्यांत सरकार गेलं आणि नाटककार हावेल राष्ट्राध्यक्ष झाला!

माझा मोर्चाचा अनुभव म्हणजे सबमिशनची तारीख पुढे ढकला म्हणून एचओडींच्या केबिनपर्यंत गेलो होतो तेवढाच.

आम्ही नारोद्नीला पोचलो तेव्हा पस्तिसावं वर्ष होतं आणि रस्ता माणसांनी भरलेला. कमानीखालच्या छोट्या पॅसेजमध्ये भिंतीवर ब्राँझचे हात आहेत, वर केलेले, खाली तारीख. त्याच्यापुढे मेणबत्त्यांचा अक्षरशः गालिचा. खिशात कोरुनांची नाणी उरली होती. नाणी परत कुणी बदलून देत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी किराणा दुकानातून दोन मेणबत्त्या आणल्या. वाऱ्यात माझी काही पेटेना. शेजारी माझ्या आईच्या वयाच्या एक बाई होत्या, सोबत कॉलेजातला मुलगा. त्यांनी आपली मेणबत्ती तिरकी धरून माझी पेटवली आणि इंग्रजीत विचारलं, स्टुडंट्स? हो म्हटलं. म्हणाल्या, "तेव्हा मीही." मुलाने हे बहुधा शंभरदा ऐकलं असावं, तो मोबाइलमध्ये होता.

रात्रीची बस फ्लोरेंत्सहून. जर्मन सीमेवर पोलीस चढले, तेव्हा तपासणी कडक केलेली होती. शेंगेन असलं तरी पासपोर्ट हाताशी ठेवा. हिशेब केला तर दोघींचे मिळून अकरा युरो उरले होते. सोमवारी कॅन्टीनमध्ये पास्ता घेतला, आणि तीन युरोची कॉफी. गुणाकार न करता.