पाळी बदलून खेळलेला संघ

फोटोत दहा जण आहेत. संघ बाराचा होता. उरलेले दोघे त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते आणि फोटोवाला रात्री अकरापर्यंत थांबायला तयार नव्हता. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, गुडघ्याला पट्टी बांधलेला, तो मी. साल १९८९. पुढे मातीत टेकवून ठेवलेली ढाल अजून माझ्या घरी आहे.

मी कोलशेतचा. ठाण्यात नव्याने आलेल्यांना कोलशेत म्हणजे एक रस्ता वाटतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना टॉवर. पण त्या रस्त्याच्या शेवटी खाडीकाठी आमचं आगरी-कोळ्यांचं गाव आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत भातकापणी झाली की खाचरं मोकळी व्हायची. धसकटं उपटून, ढेकळं फोडून तिथेच हुतूतूचं, म्हणजे कबड्डीचं, पटांगण तयार व्हायचं. रेघ पायाच्या टाचेने ओढायची. आमच्या वेळेला फक्कीच्या रेघा आल्या, माती चाळून आणायची पद्धत आली, गॅसबत्त्या जाऊन हॅलोजन आले. सामना मात्र रात्रीचाच राहिला. दिवसा खेळायला माणसं कुठली मिळणार?

आमच्या संघाचा सगळा इतिहास याच प्रश्नात आहे. किशोरांचा, कुमारांचा संघ आपोआप उभा राहतो. शाळा सुटली की पोरं मैदानात असतात. खुल्या गटाचा, मोठ्या माणसांचा संघ दरवर्षी नव्याने जमवावा लागतो. एकाचं लग्न झालेलं असतं, दुसऱ्याला मुलगा झालेला असतो, तिसऱ्याची पाळी बदललेली असते. आमच्यातले सात-आठ जण कोलशेत रोडवरच्या रसायनांच्या कारखान्यांत होतो. कप्तानाच्या खिशात एक चिठ्ठी असायची. तिच्यावर कोण पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या, कोण रात्रपाळीला, एवढंच लिहिलेलं. ती बघून संघ ठरायचा. मी अठरा वर्षं डावा कोपरा सांभाळला. माझ्या जागी त्या अठरा वर्षांत ज्यांनी ज्यांनी रात्रपाळी केली, त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. त्यातले कित्येक कधी मैदानात उतरले नाहीत, पण मी त्यांना संघातच धरतो.

इथे एक शब्द उलगडून सांगायला हवा. कबड्डीच्या स्पर्धांच्या फलकावर ‘व्यावसायिक गट’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खेळाचे पैसे घेणारे असा नाही. रेल्वे, बँका, तेल कंपन्या यांनी खेळाडूंना नोकरी देऊन बांधलेले संघ म्हणजे व्यावसायिक संघ. चांगल्या खेळाडूचं आयुष्य त्या नोकरीने उभं राहायचं. रिशांक देवाडिगा, काशिलिंग आडके, गिरीश इर्नाक ही मंडळी भारत पेट्रोलियमकडून खेळली. बाकीचे आम्ही, आपापल्या मंडळाच्या बनियनवर खेळणारे, हौशी.

माझा भाचा कॅनडात असतो. त्याने मला तिकडच्या ट्रेल या गावाची गोष्ट सांगितली आणि ती मी कुणाकुणाला ऐकवत असतो. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरातलं छोटं शहर, शिसं आणि जस्त गाळणारा एक प्रचंड कारखाना, आणि बर्फावरच्या हॉकीचा हौशी संघ, नाव ‘स्मोक ईटर्स’. धूर खाणारे. बरेचसे खेळाडू त्याच कारखान्यात कामाला. हा संघ १९३९ साली आणि पुन्हा १९६१ साली कॅनडाच्या वतीने जागतिक स्पर्धेत उतरला आणि दोन्ही वेळा जिंकून आला. १९६१ च्या शेवटच्या सामन्यात त्यांनी सोव्हिएत संघाला ५-१ असं हरवलं. मी बर्फ पाहिलेला नाही. पण कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावून सराव करणारी माणसं मला लगेच ओळखीची वाटली.

आमचा खेळही लांब जाऊन आलेला आहे. १९१८ च्या सुमारास साताऱ्यात हुतूतूला नियमांची चौकट मिळाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी आशियाभर खेळ पोचवण्यासाठी आयुष्य वेचलं, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. भारताने सुवर्ण आणलं. १५ जुलै हा बुवांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात; आमच्या मंडळात त्या दिवशी मैदानाला नारळ फोडतात.

कोपऱ्याचं काम प्रेक्षकांना फारसं दिसत नाही, म्हणून सांगतो. मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा. चढाई करणाऱ्याने गडी मारला नाही, तर ती ओलांडल्याशिवाय त्याला परत जाता येत नाही; गेला तर बाद. म्हणजे त्याला आत यावंच लागतं. सगळे त्याचे हात बघतात, कोपरा त्याचे पाय बघतो. त्याचं वजन पुढच्या पायावर आलं की मागचा घोटा क्षणभर हलका होतो. तेवढाच क्षण. आधी झेप घेतली तर तो उडी मारून जातो, उशीर केला तर तोंडावर लाथ. घोटा हातात आला की बाकीच्यांनी पोचेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच. माझे वडील काठावरून एकच ओरडायचे, “घाय नको करू रं!”

२००५ साली आमचा मोठा संघ थांबला. खाडीपलीकडे काल्हेरला सामना होता. कारखाने एकेक करून बंद होत होते, माझ्यासारख्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, पोरं मिळेल त्या कामाला लांब लांब जात होती. रात्री साडेदहाला आम्ही मोजकेच जण मैदानावर उभे होतो. पंचांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि समोरच्या संघाला पुढे चाल दिली. आम्ही हरलो असतो तर मला इतकं लागलं नसतं.

मग २०१४ साली प्रो कबड्डी आली, टीव्हीवर मॅट, बूट, दिवे. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला रिशांकच्या महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणलं, तेव्हा गावात फटाके वाजले. त्याच वर्षी आपल्या ठाणे जिल्ह्याचा गिरीश इर्नाक आशियाई स्पर्धेला गेला. तोही डावा कोपरा. त्याने घोटा धरला की माझी बोटं घरी बसल्या बसल्या आवळायची.

बायरच्या कारखान्याच्या जमिनीवर आज कल्पतरूच्या इमारती आहेत, क्लॅरियंटच्या जमिनीवर लोढांच्या. तिथली मुलं आता आमच्याकडे सरावाला येतात, मुलीही येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मातीत बसायला बिचकत होत्या. आता घरी जाताना पायही धूत नाहीत.

यंदा पोरांनी पुन्हा खुल्या गटाचा संघ करायचं ठरवलं आहे. जिल्हा संघटनेकडे नोंदवायच्या बारा नावांची यादी घेऊन कप्तान माझ्याकडे आला. अकरा झाली होती. बारावा टॉवरमधला, वागळे इस्टेटला संगणकावर कामाला, उत्तम चढाईपटू. अडचण एकच, त्याला रात्रपाळी आहे. मी विचारलं, त्याच्या जागी बसायला कोणी आहे का? पोराने खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, “विचारतो, दादूस.”